इतर, असल्यास लिहा

वाळूजला पहिली पाळी सुटते तेव्हा
मी कँटीनच्या कोपऱ्यात बसलेली असते.
प्रश्नावल्यांचा गठ्ठा पंख्याखाली फडफडतो म्हणून
कुणीतरी वर ठेवून गेलंय
एक नापास बेअरिंग.
सव्वीस प्रश्न. एक ते पाच, हवा तो आकडा गोल करा.
सतरावा : कामाबाहेरच्या आयुष्याबद्दल
आपण कितपत समाधानी आहात?

"बाहेर म्हंजे गेटाच्या बाहेर का?"
हीट ट्रीटमेंटचा मुनीर विचारतो.
तसंच समजा, मी म्हणते.
"मग आठव्या दिवशी नळाला पाणी येतं
त्या दिवशी पाच लिहा.
बाकीच्या दिवसांचं
तुम्हीच टाका मॅडम कायतरी."

चंद्रहास गिराम लग्नसराईत क्लॅरिनेट वाजवतो.
सुपरवायझरला बँड माहीत नाही,
बँडवाल्यांना कंपनी.
दोन्हीकडे सांगतो, घरी जरा काम आहे.
त्यानं चार गोल केला,
खोडला,
परत चारच केला.

सत्यभामा खरात, तपासणी विभाग, अकरा वर्षं.
दिव्याखाली दिवसभर चकचकीत गोळ्या फिरवते,
केसाएवढा ओरखडा शोधते.
तिनं आकड्यांना हातच लावला नाही.
सगळ्यात खाली 'इतर, असल्यास लिहा',
पुढं दीड इंचाची रेघ.
तिथून अक्षर सुरू झालं ते समासात शिरलं,
कोपऱ्यावर वळलं,
आणि कागद आडवा धरून मी वाचलं :
रविवारी स्कूटी शिकते. कंपनीचाच रस्ता, पण ट्रक नसतेत.
पोरगी मागून धरती.
धरलंय गं मम्मी, धरलंय, म्हणती,
पण आवाज लांबून यायलाय.

याला कोड काय द्यायचा?
एक म्हणजे करमणूक, दोन म्हणजे कौशल्यविकास,
नऊ म्हणजे उत्तर नाही.
माझ्याच सहीनं मंजूर झालेली यादी.

रात्री सिडकोत, पोळीभाजीचा डबा अर्धा उघडा,
मी एक कोरा फॉर्म पुढ्यात ओढला.
दहा वर्षं शिकवते हा विषय,
भरभर भरत गेले सोळापर्यंत.
सतराव्याला पेन्सिलीनं तीन.
मग खोडरबर.
शेजारच्या बाल्कनीत कुणी कपडे झटकत होतं,
ते संपेपर्यंत ऐकत बसले.
'इतर'च्या रेघेवर पेन टेकवून ठेवलं होतं,
तिथं शाईचा ठिपका
मुगाएवढा झाला.

सोमवारी इनामदार गठ्ठा मोजून आला.
"मॅडम, वाटले दोनशे बारा
आणि परत आलेत दोनशे तेरा.
एकावर ना नाव ना विभाग, नुसता डाग पडलाय.
बाद करू?"

थांब जरा, मी म्हटलं.
रविवार होऊ दे.