दोनशे ग्रॅम शमी

ग़ाफची पानं तोडायला नगरपालिकेचा कागद लागतो.
दोनशे ग्रॅम, एकाच झाडाची, सही-शिक्क्यासह.
अल ऐनच्या वेशीवर, जिथे डांबर संपून
लाल वाळू सुरू होते, तिथे ती उभी होती,
आमच्याकडची शमी.
मी कागद दाखवला. तिने काट्याने बोट फोडलं.

पानं धुतली, सावलीत वाळवली,
काढा केला, दोनदा गाळला.
वास, खरं सांगते, भिजवलेल्या मटकीचा.
"थेंब थेंब," डॉक्टर हेस्सा म्हणाल्या.
चंचुपात्रात सोन्याचा क्षार, लिंबाच्या सरबताइतका पिवळा.
त्यात काढा उतरला
आणि साडेअकरा मिनिटांनी
सोनं लाल झालं.

आगळासारखं लाल.
दसऱ्याला आम्ही आपट्याच्या पानालाच सोनं म्हणायचो,
संध्याकाळपर्यंत ते खिशात चुरगळून जायचं.
इथे पान खरोखरच सोन्याला शिवतं
तर सोनं आपला रंग सोडतं,
इतकं बारीक होतं
की पिवळं राहणं त्याला परवडत नाही.

नमुन्यांची व्हॅन चालवणाऱ्या मोतालेबने विचारलं,
"ह्याचं करतात काय?"
म्हटलं, पाण्यात शिसं असलं
तर हे कण एकमेकांना बिलगतात, लालाचं निळं होतं.
तो काही बोलला नाही.

शुक्रवारी, नमाजाच्या आधी, बाटली घेऊन आला.
सनाइयातल्या छावणीच्या गच्चीवरची टाकी,
चाळीस माणसांची.
दोन थेंब टाकले.
निळं. जांभळं वगैरे नाही, निळंच.

"मिठानेही होतं असं," मी म्हटलं,
आणि ते खोटं नाही.
शिशाने बिलगतात तसेच मिठानेही बिलगतात,
रंग कुणाचं नाव घेत नाही.
मोठं यंत्र मंगळवारी मोकळं होणार.
वहीत लिहिलं: नमुना सात, निळा, कारण अनिश्चित.

"म्हणजे पिऊ की नको?"

वहीत ह्याला रकाना नव्हता.
प्रयोगशाळेच्या दाराशी पाच गॅलनची बाटली होती,
सील न फोडलेली. आम्ही दोघांनी धरून
ती व्हॅनमध्ये चढवली. त्याने तिला सीटचा पट्टा बांधला.
पाच गॅलन, चाळीस माणसं:
भागाकार मी केला नाही.

मंगळवार अजून चार दिवसांवर होता.