चारशे बारा मीटर

दुरून डोंगर साजरे म्हणतात,
इथे तो दुरूनही दिसत नाही.
मुगोजारच्या दक्षिणेला उरल बसत जातो
पाणी पिऊन झालेल्या मेंढरांसारखा:
आधी खांदे, मग पाठी, मग गवतात नुसता उंचवटा,
आणि मग एम्बा नदीकडे जाणारा सपाट रस्ता.
संपल्याची पाटी नाही.
एका ठिकाणी ड्रायव्हरचा रेडिओ पुन्हा बोलू लागतो,
एवढंच.

सकीप गोदामावर होती एकोणीस वर्षं.
तिच्याकडे डोंगर आडवा निजलेला:
जमिनीला भोकं पाडून काढलेले दगडी दांडे,
मनगटाएवढे जाड, लाकडी खोक्यांत ओळीने,
प्रत्येकावर पांढऱ्या रंगात खोली.
साठ मीटर, लाल जास्पर, ताज्या मांसासारखा.
एकशे नव्वद, तांब्याचा हिरवा डाग.
चारशेच्या खाली काळं क्रोमाइट,
ज्याच्यासाठी मॉस्कोहून माणसं यायची
आणि जेवायला न थांबता परत जायची.

‘कुठे संपतो हा?’ शाळेतली पोरं विचारायची.
ती शेवटचं खोकं दाखवायची.
‘इथे ड्रिल तुटलं,’ म्हणायची. ‘डोंगर नाही.’

मग तो हिवाळा.
पगार नाही, कोळसा नाही, उणे अडतीस.
पहिलं खोकं तिनेच फोडलं,
शेजारी दोसानच्या घरात तीन दिवसांचं बाळ होतं.
दगड तिने भिंतीशी क्रमाने मांडले.
चौथ्या रात्रीपर्यंत क्रमाने.
नंतर अंधारात कोण कोण आलं
आणि दगड ओतून फळ्या घेऊन गेलं.
मार्चमध्ये बर्फ ओसरला तेव्हा दारात ढीग,
वरचं खाली, खालचं वर,
चाळीस कोटी वर्षांची सरमिसळ.
ती कुणाला बोलली नाही.
कोणत्या तोंडाने बोलणार,
तिचीही चूल त्यावरच पेटली होती.

आता ढीगही नाही.
दांडे गावभर पांगले.
टोमॅटोच्या वाफ्याला कड, कोंबड्यांच्या फाटकाला टेकू.
दोसानचा तो एर्कबुलान खाणीवर लागलाय,
सुट्टीला आला की टेकूचा दगड पायाने उलटवून पाहतो,
‘माल चांगला होता,’ म्हणतो,
आणि पुन्हा टेकू लावून ठेवतो.

सकीपच्या स्वयंपाकघरात आंबवलेल्या कोबीचं पिंप,
त्यावर बशी, बशीवर एक काळा तुकडा.
मिठाने पुसट झालेले आकडे: चारशे बारा.
पाहुण्याला ती आधी कोबी वाढते,
मग दगड धुऊन हातात देते.
वाटतो त्याहून जड असतो.
हात खाली जातो आणि ती हसते.

तिला सांगायचं होतं मला,
की माझ्या भाषेत या डोंगराचं नाव घेतलं
की काहीतरी उरल्यासारखं ऐकू येतं.
दुभाष्याला ते जमेना.
त्याने बराच वेळ काहीतरी भलतंच समजावलं.

‘अजून घ्या,’ ती म्हणाली, कोबीबद्दल,
आणि दगड परत बशीवर ठेवला,
आकडा वर येईल असा.