बरणी

रुवैसचा सप्टेंबर. बाहेर शेहेचाळीस,
आत एसीखाली, टबात,
मिठात निजवलाय चिनी कोबी. लांबट,
आपल्या गड्ड्यासारखा मिटलेला नाही.

शटडाऊन संपलं तसे मिस्टर ग्वाक
उल्सानला परत गेले. जाताना
वेल्डिंगच्या रिपोर्टामागे लिहून दिलं:
पाणी सुटू दे. घाई नको.
मिठाचं माप मात्र मुठीनं दाखवलं,
ते कागदावर आलंच नाही.

त्यांच्या तिखटाऐवजी संकेश्वरी,
कोळंबीच्या खाराऐवजी
वेळणेश्वरहून आलेला जवळा, कुटून.
लसूण, आलं, तांदळाची पेज.
पान न पान उघडून माखताना
बोटं नखांपर्यंत भगभगली.

अन्वर परकार म्हणाला, खोलीत मेलंय काय?
बाल्कनीत ठेव.
बाल्कनीत दुपारपर्यंत शिजेल रे.
मग कपाटात, माझ्या सुटकेसमागे.

तिसऱ्या रात्री बरणी बोलली.
बुड्.
थांबून पुन्हा, बुड्.
दोघे उठून बसलो अंधारात.
झाकण सैल केलं, तसा अन्वर
चमचा शोधायला लागला.

आंबट झालंय. पण खारट, फार.
ग्वाकना फोटो पाठवला.
उत्तरात शब्द नाही, नुसता फोटो:
म्हाताऱ्या तळव्यावर मीठ,
अर्धी मूठ.