तिसऱ्यांदा भाजलेलं हाड

चोयजिल म्हणाला, यंदाचा हिवाळा मऊ जाणार.
कशावरून? तर क्रौंच उशिरा निघाले,
आणि मेंढीच्या खांद्याचं हाड
निखाऱ्यावर उभं तडकलं.
मी म्हटलं, हाड तू तीनदा भाजलंस.
तिसऱ्यांदाचं खरं, म्हणाला. आणि हसला.

झावखानच्या त्या उतारावर सप्टेंबरभर
नोरजमा विळा घेऊन वाकलेली दिसायची.
आमच्या गंज्या चार. चौथी अर्धीच,
कारण त्या दिवशी खाली घोड्यांची शर्यत होती.

नोव्हेंबरात दोन दिवस ऊन पडलं. बर्फ पाझरला.
बघ, म्हणत त्याने टोपी उडवली.
तिसऱ्या रात्री त्या पाण्याची काच झाली.
खाली गवत दिसत होतं, पिवळं, अख्खं,
दुकानातल्या काचेमागच्या बिस्किटांसारखं,
आणि मेंढ्यांच्या खुरांतून रक्त.

आज वारा फिरेल, तो रोज दार उघडून म्हणायचा.
एकशे चाळीसांतल्या एकतीस उरल्या.
मेलेल्या आम्ही तंबूच्या उत्तरेला रचल्या.
एवढ्या उंच गंज्या रचायला हव्या होत्या,
हे मी बोलले नाही.
तोही तिकडेच बघत होता.

नोरजमाचं गवतही फेब्रुवारीत संपलं.
तिच्या भावाने, दार्झावने, हिशेब मांडला :
इतकी तोंडं, इतके दिवस.
हिशेबात चूक नव्हती.
तो नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून पडला
तो उठेचना.

मग चोयजिल पहार घेऊन त्यांच्या उतारावर गेला.
बर्फ फोडायचा आणि बडबडायचा,
उद्या फिरेल, परवा तर नक्कीच फिरेल.
सतरा दिवस. हाताची सालं निघाली.
चटईएवढी जागा मोकळी झाली की
मेंढ्या तोंड खुपसायच्या. पुन्हा पुढची चटई.
एका सकाळी दार्झाव फावडं घेऊन बाहेर आला,
काही न बोलता.

वारा एप्रिलमध्ये फिरला.
कुणाच्या सांगण्यावरून नव्हे.
नोरजमाच्या बावीस मेंढ्या तोवर उभ्या होत्या.

यंदा खांद्याची हाडं मी कुत्र्याला घातली.
विळ्याला धार लावून त्याच्या हातात दिली.
यंदा नक्की मऊ जाणार, तो म्हणतो.
तुझ्या तोंडात साखर पडो, म्हटलं,
पण कापता कापता बोल.

तो कापतोय. बोलतोय.
मी सातवी गंजी बांधतेय,
आणि पहार या वेळी
आत, बिछान्याजवळ ठेवली आहे.