बेन्तोस, बेलापूरहून

तुझं नाव नकाशावर कुठं नाही.
मी आपला बेन्तो म्हणतो तुला.
लिस्बनच्या एखाद्या चिंचोळ्या गल्लीत, बंदराकडच्या खिडकीपाशी
वाकून बसला असशील, नाकाच्या शेंड्याला शाई,
कोकराच्या कातड्यावर आमची खाडी काढत.
जांभईएवढी काढलीस.

हेच काम मी बत्तीस वर्षं केलं,
चौथ्या मजल्यावर, टी-स्क्वेअर आणि अर्धं ब्लेड घेऊन.
ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली रेघ खरवडताना
श्वास धरून ठेवायचा असतो,
हे तुला काय सांगायचं.

तुझी प्रत निवृत्तीच्या दिवशी मढवीने दिली,
कुठून तरी मोठी करून, चौकटीत बसवून.
"साहेब, हा आपल्या खात्याचा मूळपुरुष."
सगळे हसलो.
घरी आणून भिंगाखाली धरली
आणि हसायचं राहून गेलं.

वारेही बत्तीसच काढलेस, एकेक रेघ केसासारखी.
होकायंत्राचं फूल सोन्याच्या वर्खाचं.
समुद्रात एक मासा, त्याला कुत्र्याचं तोंड.
ठाण्याच्या जागी टोकदार मनोरा, तुमच्याकडे असतात तसा,
इथं तो कुणी बांधलेला नव्हता. तोवर तरी.
आणि खाडीच्या या काठाला,
आत्ता माझा चहा निवतोय तिथं,
नुसतं कातडं.

तू कधी आलाच नव्हतास.
आलेला एखादा खलाशी, प्याल्याच्या उधारीपायी,
सांगत गेला असेल आणि तू काढत गेलास.
वर घोडे उतरवतात तो धक्का. खाली चिखल, मीठ.
आणि या अंगाला?
"काही नाही. माणसं."
तू पहिले दोन शब्द ऐकलेस.

मग तुझ्या रेघेमागून गलबतं आली.
तोफा आल्या, पाद्री आले, अननस, काजू, पाव,
माझ्या उपवासाचा बटाटासुद्धा.
लिलाव आला.
भूखंडांचा लिलाव आमच्याच तळमजल्यावर व्हायचा, बेन्तो,
मी वरून खुर्च्या सरकल्याचे आवाज ऐकायचो.
तो शब्द तुझ्या बंदरावरून आलाय
हे फार उशिरा कळलं मला.

पण तुला दोष कोणत्या तोंडानं देऊ?
सत्त्याहत्तर साली पहिलं शीट हातात पडलं.
सोबत टिपण : मोकळी जमीन.
मी मोकळी काढली. सुरेख काढली.
साहेबांनी पाठ थोपटली.
खाजण, मिठागराचे वाफे, जोमाच्या आज्याचा बांध,
होड्या ओढायची वाट, जवळा वाळवायचा ओटा,
सगळं पांढरं.

तू निदान आला नव्हतास.
मी दुपारचा डबा दिवाळ्याच्या बांधावर बसून खायचो.
पदीबाई वाटीभर कालवण आणून ठेवायची :
"खा रं, बारीक झायलास."
हात धुऊन मी वर जायचो
आणि पदीबाई जिथं उभी असायची
तिथं रस्त्याची मध्यरेषा मारायचो.

परवा गेलो दिवाळ्याला.
पदीबाई नाही. सून ओळखीना,
मग वाटीचं सांगितल्यावर ओळखलं.
वाट कुठून होती, विचारलं.
ती मासे साफ करत होती, उठली नाही,
कोयता धरलेल्या हातानंच दाखवलं :
त्या दुसऱ्या खांबाखालून, सरळ पाण्यात.

खिशात फक्त विजेचं बिल होतं.
त्याच्या पाठीवर काढली,
ओटा, बांध, वाट.
हात थरथरतो आता, रेघ काही नीट नाही.
स्केल नाही.
उत्तरेचा बाण नाही.
तिचा हात ज्या बाजूला होता
त्या बाजूला बाण केलाय.