मागचे पाय

कांपारमध्ये सिंहाला सगळे पुढून ओळखतात.
मागून फक्त मी.

सहा वर्षं झाली, फाय,
तुझ्या कमरेचा लाल पट्टा दोन्ही मुठींत धरून
मी ओणवा चालतो आहे.
माझ्या वाट्याला आभाळ येत नाही.
कापडाच्या आतला पिवळा, घामट उजेड येतो,
तुझ्या पोटऱ्या,
आणि तुझी डावी टाच, जिच्यावरची चीर
मला आईच्या फोननंबरासारखी पाठ आहे.

टायरचं दुकान बंद केल्यावर
तीनदा साबण लावूनही काळेच राहिलेले हात घेऊन
मी संघाच्या अंगणात येतो.
सिफू याप वेताची छडी बाकड्यावर ठोकतात.
आधी बाकडी, मग तेलाची पिंपं, मग खांब,
लोखंडी, माणसाहून उंच, वर ताटाएवढी चकती,
आणि दोन चकत्यांच्या मधे नुसती हवा.
"पुन्हा," सिफू म्हणतात.
या माणसाला एवढा एकच शब्द येतो
असं आम्ही पहिले सहा महिने धरून चाललो होतो.

बांबूच्या कामट्या, कागद, आरसा, लोकर.
पापण्यांची दोरी तुझ्या एका बोटात,
कानांची दुसऱ्यात,
आणि जबडा उघडायचा तो उरलेल्या मनानं.
मला एवढी कामं नाहीत.
मी उचलतो.
तू "हूं" म्हणण्याच्या किंचित आधी उचलतो.

नोव्हेंबरात पडलास.
गादीच्या बाहेर, वीतभर.
त्या रात्री सू यिननं ढोलावर चादर घातली,
जशी आजारी माणसावर घालतात.
जानेवारीत म्हणालास, बरा आहे.
सिफूंनी मानलं.
टाच मात्र खोटं बोलली नाही,
जमिनीला टेकताना ती अर्धा श्वास उशिरा टेकत होती.
मी कुणाकडे बोललो नाही.
ही मैत्री होती की चूक, अजून ठरवलेलं नाही.

नववर्षाचा तिसरा दिवस.
म्हाताऱ्या मोकचं कॉफीचं दुकान,
वरच्या खिडकीतून दोरीला लोंबणारी लेट्यूसची जुडी,
तिच्या पोटात लाल पाकीट.
फटाक्यांचा धूर कापडाखाली घुसला. ढोल चढला.
इथं तुला खांद्यावर घ्यायचं.
मी मुठी आवळल्या,
आणि तुझी टाच
थांबली.

सिंह थांबला तर शोभतं,
माणूस थांबला तर गर्दीला लगेच कळतं.
म्हणून मी बसलो.
बूड सरळ रस्त्यावर.
पट्ट्याला ओढ लागताच तूही खाली आलास,
जांभई दिलीस, पापण्या मिटल्यास,
मी मागचा पाय उचलून हवेतच खाजवलं
आणि पोरं खिदळली.
झांजा दोन ठोके भरकटल्या,
तेवढ्यात सगळं उघडं पडलं असतं,
पण सू यिननं काठी ढोलाच्या कडेवर नेली.
टक्. टक्.
झोपेची थाप,
या वर्षी आम्ही बसवलीच नव्हती ती.

तुझी पाठ वरखाली होत होती, मी मोजत होतो.
अकरा श्वास.
बाराव्याला टाच दोनदा आपटलीस.
उचललं.

वर काय झालं ते मला माहीत नाही.
माझ्या मांड्या थरथरत होत्या, खांद्यांवर तुझं वजन,
डाव्या बाजूला जरा कमी.
मोक हसले म्हणे.
पानांच्या चिंध्या पार समोरच्या औषधाच्या दुकानापर्यंत उडाल्या म्हणे.

नंतर सिंहाचं डोकं खुर्चीवर ठेवलं.
लोक त्याच्यासोबत फोटो काढत होते.
तू पाय बर्फाच्या बादलीत घालून
कुणाकडेच बघत नव्हतास.
सिफू आले, छडी काखेत.
आधी तुझा घोटा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ.
मला वाटलं, आता दुसरा शब्द येणार.
माझ्या मानेला चिकटलेलं लेट्यूसचं पान त्यांनी काढलं,
तोंडात टाकलं,
आणि चावत चावत
ढोल लॉरीत चढवायला गेले.