आवश्यक तेवढं बळ

आदेशात असं लिहिलंय:
दार उघडलं नाही तर आवश्यक तेवढं बळ वापरून
घरात शिरावं, मूल शोधावं,
तपासणीच्या ठिकाणी नेऊन पोचवावं.
खाली न्यायाधीशबाईंची सही, निळी, जरा घाईतली.
कागद घडी करून मी छातीच्या खिशात ठेवला
आणि गाडीतून पहार काढली.

क्वीन्सटाउन, सकाळचे सात, नेहमीसारखं भुरभुरतंय.
तांब्याच्या भट्ट्यांनी कधीकाळी भाजून काढलेल्या टेकड्या
आता कुठे अंगावर लव धरतायत.
बालसुरक्षा खात्याची ग्लेनिस माझ्यामागे दोन पावलं,
फाइलीवर प्लास्टिकची पिशवी.
तीनदा येऊन गेली होती ती.
तीनदा पडदा हलला, दार नाही.

दार माझ्या ओळखीचं.
टॅमसिनच्या बापाबरोबर मी फुटबॉल खेळायचो,
आमच्या त्या खडीच्या मैदानावर, जिथे गवत कधी धरलंच नाही.
त्यानं एकदा असं लोळवलं मला
की गुडघ्यात अजून दोन खडे आहेत, कातडीखाली.
थंडीत बोलतात.

पोलीस, असं ओरडलो. पहार फटीत घातली.
तेव्हा आतून, टपालाच्या झडपेच्या उंचीवरून, आवाज आला:
"हळू. दाराला बाळ टांगलंय."

एकतीस वर्षांच्या नोकरीत
माझे हात असे कधी गार पडले नव्हते.
मागे ग्लेनिसची फाइल पडली.
मी पहार गवतात ठेवली, आवाज न करता,
गुडघ्यांवर बसलो (खडे बोलले),
झडपेतून विचारलं, कुणाचं बाळ रे?

"वॉलबीचं. ओंडक्यांच्या ट्रकखाली हिची आई मेली.
पिशवीत ही जिवंत निघाली.
दर चार तासांनी दूध लागतं.
आत्ता झोपलीय."

मग त्यानं स्टूल ओढलं.
कडी काढायला बराच वेळ लागला.
आम्ही थांबलो.
आदेशात थांबण्याबद्दल काही नाही,
पण मनाईही नाही.

दाराच्या मुठीला बांधलेला उशीचा अभ्रा,
अभ्र्यात लोकरीची टोपी, टोपीत एक कान.
भिंतीवर मेणखडूनं आकडे: सहा, दहा, दोन, सहा, दहा, दोन.
प्रत्येकापुढे रेघ. रात्रीच्या दोनपुढेही.
डार्सी हॅलम, वय वर्षं सहा.
त्याच्या स्वतःच्या जेवणाच्या रेघा कुठेच नव्हत्या.
सिंकमधली सगळी भांडी बुरसटलेली,
एक बाटली तेवढी लखलखीत.

टॅमसिन कोचावर. श्वास चालू, डोळे अर्धे,
गोळ्यांची पाकिटं पाठीखाली चुरगळलेली.
"मनगटावर थेंब टाकून बघायचं,
ते मीच शिकवलं त्याला,"
एवढंच म्हणाली.
खरं असावं.
शिकवल्याशिवाय मनगट कुणाला सुचत नाही.

डॉक्टर बर्नीला. दोन तास, नुसती वळणं.
आदेश मुलापुरता होता.
अभ्रा मी जाकिटाच्या आत घेतला, बिल्ल्याच्या मागे.
बर्नी अर्ध्या तासावर असताना डार्सी म्हणाला,
दहा वाजले का?
ग्लेनिसनं काही न बोलता गाडी कडेला घेतली.

डॉक्टरांना त्यानं आधी तिला तोलायला लावलं.
वजन वाढलं होतं. खूश झाला.
मग तो स्वतः काट्यावर चढला.
तो आकडा डॉक्टरांनी मोठ्यानं वाचला नाही.

संध्याकाळी ठाण्यावर फॉर्म.
रकाना अकरा: बळ वापरलं का?
"नाही" लिहायला पेन टेकवलं होतं.
पण टॅमसिनला ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते तेव्हा
दाराची चौकट धरली होती त्यानं,
आणि मी त्याची बोटं सोडवली होती, एकेक करून.
करंगळी शेवटी. ती फार घट्ट होती.

"होय" लिहिलं.
किती, यासाठी पुढे अर्धीच ओळ सोडलेली.